कोठाराच्या दारावरचा चिखल

१

शुनइची बाबा सापडले ते दारापासून हातभर आत, आणि शिट्टी अजून तोंडातच होती.

आंधळे होते बाबा. मालिश करून पोट भरायचे. संध्याकाळी शिट्टी वाजवत गल्लीतून निघाले की लोकांना कळायचं, अंग दुखत असेल तर हाक मारा. आग चाळीच्या टोकाला पोचली तेव्हा धुरात त्यांना दार चाचपता आलं नसणार. मग काय करतील बिचारे? शिट्टी वाजवत बसले. आणि आम्ही ऐकली नाही. तिकडे आगीची घंटा बडवत होते ना! कुणासाठी? तर तांदूळवाल्या कात्सुराया शेठच्या घरासाठी.

आमची चाळ फुकागावातली. अख्ख्या एदो शहरात डास सगळ्यात जास्त आणि तांदूळ सगळ्यात कमी कुठे असेल, तर तिथे. बेडूकगल्ली म्हणायचे तिला. खोली केवढी? नवरा आडवा झाला की बायकोनं उभं राहायचं, एवढी.

बाबांवर चटई घातली आणि बायका रडायला बसणार, तोच चौकीचे शिपाई आले. त्यांच्या पुढे कात्सुरायाचा मुनीम सेइसुके. उजव्या हाताला फडकं बांधलेलं. त्यानं डावा हात उचलला आणि माझ्या भावाकडे बोट केलं.

"हाच तो. ह्यानंच पेटवलं. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय."

माझा धाकटा भाऊ गेंपाची. भिंतींना गिलावा करणारा गवंडी. त्या वेळी बाबांचे पाय धरून सरळ करत होता तो. त्याच हातांना दोरी बांधली मेल्यांनी.

एदोत आग लावणाऱ्याला शिक्षा एकच असते. त्यालाच जिवंत जाळतात.

२

त्या वर्षी तांदूळ इतका महागला होता की आमच्या गल्लीतल्या उंदरांनी मठात नावं घातली, तिथे निदान नैवेद्य तरी मिळेल म्हणून. खोटं वाटतं? एक उंदीर मी स्वतः बघितलाय, डोकं भादरलेला.

आम्ही आधी टोफूचा चोथा खाल्ला. मग कोंड्याची पेज. मी लोकांच्या कपड्यांना खळ घालायची कामं करायची, शेवटी आम्ही ती खळच प्यायलो. पोट ताठ झालं, भरलं मात्र नाही.

मग सगळ्या बायका वाडगे घेऊन कात्सुरायाच्या दारात गेलो. म्हटलं, "शेठ, फुकट नको. दामदुप्पट घ्या, पण विका. पोरं रडायची पण थांबलीत आता."

शेठ उंबऱ्यावर उभा. पोट असं पुढे, जसं काही ते वेगळं चालत येतं आणि शेठ मागून येतो. म्हणाला, "तांदूळ नाही. आणि तुम्ही बेडूकगल्लीचे ना? बेडूक डास खाऊन जगतात की!"

मागे त्याचे नोकर हसले. ते हसणं अजून कानात आहे माझ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान फोडलं आम्ही. हो, फोडलं! लपवायचं काय त्यात? पण फोडायचीसुद्धा एक रीत असते. दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटल्या, टाक टाक, की सुरू. पुन्हा आपटल्या की सगळ्यांनी बसून दम खायचा. घरातली वस्तू एकानंही उचलायची नाही. तांदूळ चिखलात ओतायचा, दारूची पिंपं गटारात रिकामी करायची, रेशमी गाद्या फाडायच्या, पण दाणासुद्धा घरी न्यायचा नाही. आम्ही चोर नव्हतो, आम्हाला राग आला होता. आमच्यातल्या ओकानेनं मूठभर तांदूळ बाहीत घातला, तर बायकांनी तिची बाही भर रस्त्यात उलटी केली. पोटात आग असताना दाणे चिखलात पडताना बघायचे, सोपं आहे का ते?

आणि सगळ्यात पहिलं काम, चुलीवर पाणी. शेगड्या, दिवे, जे काही जळतंय ते विझवायचं. सगळं शहर लाकडाचं आणि कागदाचं. शेठचं घर पेटलं तर मागोमाग आपलंच. हे काम गेंपाचीकडे होतं. त्यानं स्वयंपाकघरात शिरून चुलीवर घागरीच्या घागरी ओतल्या.

मागे शेठचं कोठार होतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर पांढराशुभ्र गिलावा. दाराला ओंडक्याची टक्कर दिली, गिलाव्याला खोक पडली, पण दार काही हललं नाही. तेवढ्यात पट्ट्या वाजल्या आणि आम्ही आपापल्या घरी.

दिवे लागायच्या सुमाराला मी भावासाठी पाणी गरम करत होते. तेच जेवण. आणि घंटा सुरू झाली.

३

तपासाला आले ते सुगानुमा साहेब. नगराच्या पहाऱ्यावरचे अंमलदार, कमरेला दोन तलवारी आणि गालाला सूज. दाढ दुखत होती. त्यामुळे बोलायचे कमी आणि दुसऱ्याला बोलू द्यायचे. मला वाटतं ह्या खात्यात सगळ्यांचीच एकेक दाढ दुखायला हवी.

मी त्यांच्यापुढे धुळीत लोळण घेतली. "साहेब, माझ्या भावानं आग विझवली हो, लावली नाही!"

"उठ बाई. नाव काय?"

"ओताकी."

"ओताकी, तुझा भाऊ दुकान फोडायला होता का?"

"सगळेच होते. मी पण होते. मी तर शेठच्या छत्र्या मोडल्या. चांगल्या होत्या हो."

साहेबांनी गाल दाबला. हसले का कळ आली, कळलं नाही.

शेठची तक्रार अशी होती. दंगेखोरांनी कोठार फोडलं, शेकडो पोती तांदूळ पळवला आणि मग घराला आग लावली. आग लागली तेव्हा शेठ स्वतः नाक्यावरच्या चौकीत बसून तक्रार लिहवत होता. चौकीतल्या सगळ्यांनी त्याला बघितलेलं. म्हणजे शेठवर बोट ठेवायची सोय नाही.

"शेकडो पोती?" मी म्हटलं. "साहेब, आमच्या खोल्या बघा. एक पोतं आत आलं तर नवऱ्याला छपरावर झोपावं लागेल. कुणी छपरावर झोपलेलं दिसतंय का?"

साहेबांनी खरंच सगळ्या खोल्या बघितल्या. चटया उचलून बघितल्या. मिळालं काय? डास.

"मग कोठारच उघडून बघा ना!" मी म्हटलं. "तांदूळ आतच असेल."

त्यांनी मान हलवली. "उघडता येत नाही, तुलाही माहीत आहे."

माहीत होतं. आगीच्या शेजारी उभं राहिलेलं कोठार आतून तापलेलं असतं. लगेच दार उघडलं की बाहेरची हवा आत शिरते आणि सगळं भक्कन पेटतं. म्हणून ते निवेपर्यंत कित्येक दिवस कुणी हात लावत नाही. शेठ हेच सांगत होता, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून. "सरकार, तांदूळ तर लुटला, पण वडिलांचे कपडे, देवाच्या वस्तू आहेत आत. निवू दे एवढंच मागणं."

"आणि गेंपाची?" मी विचारलं.

साहेब दुसरीकडे बघत म्हणाले, "उद्या त्याला मोठ्या तुरुंगात धाडायचा हुकूम आहे."

तिथे मांड्यांवर दगड ठेवतात. तिथे गेलेला माणूस कबूल करतोच. त्यानं केलं नसेल तरी.

कोठार निवायच्या आधी माझा भाऊ राख होणार होता.

४

साहेब जळक्या घरात शिरले आणि मी मागोमाग. शिपाई म्हणाला, "ए बाई, मागे हो." मी म्हटलं, "मागेच आहे की साहेबांच्या."

सेइसुके मुनीम तिथे कौलं उपसत होता. हा सेइसुके म्हणजे लहानपणी शेठकडे आलेला, दुकानातच वाढलेला. मालक शिंकला तर हा नाक पुसणार. तसा वाईट नव्हता हो. कधी कधी पोरांच्या हातावर भाजलेले चार दाणे ठेवायचा. म्हणून तर त्याच्या साक्षीवर सगळ्यांनी विश्वास ठेवला.

"तू काय बघितलंस, पुन्हा सांग," साहेब म्हणाले.

"गेंपाची परत आला, सरकार. सगळे गेल्यावर एकटाच. स्वयंपाकघरात गेला, चुलीतले निखारे लाथेनं चटयांवर उडवले. भडका उडाला. मी जीव घेऊन पळालो."

"चुलीतले निखारे?"

"होय सरकार. ह्या डोळ्यांनी."

साहेबांनी शिपायाकडून चुलीवरची कौलं बाजूला करवली. खाली चूल होती. साहेबांनी तलवारीच्या म्यानानं राख टोकरली, तर तिचा एक खडाच्या खडा निघाला, तांदळाच्या वडीसारखा घट्ट. भिजून चिखल झालेली राख आगीच्या धगीनं भाजून निघाली होती.

"हिच्यावर आधी पाणी पडलंय, नंतर घर जळलंय," साहेब म्हणाले. "ह्यात निखारा कुठून आला, सेइसुके?"

"मग... मग बाहेरून पलिता आणला असेल सरकार. धूर होता. घाईत नीट दिसलं नाही."

"आत्ता तर दोन्ही डोळ्यांनी बघत होतास की रे!" मी ओरडले. मला राहवेना. डोकं असं तापलं होतं की त्यावर पेज उकळली असती. "आणि पळालास म्हणे! लहानपणापासून मालकाचं मीठ खाल्लंस आणि कोठार तसंच उघड्यावर टाकून पळालास? कसला रे तू मुनीम? पाणवठ्यावरच्या बायका हसतायत तुला. माझं मांजर बरं, ते आग लागली तर पिल्लं तरी तोंडात धरतं!"

त्याच्या चेहऱ्याचा रंगच बदलला. चोर म्हटलं असतं तर सोसलं असतं त्यानं. खोटारडा म्हटलं तेही सोसलं होतं. पण दुकानात वाढलेल्या माणसाला असं म्हणायचं, की तू आगीच्या वेळी मालकाचं कोठार लिंपलं नाहीस?

"लिंपलं मी!" तो ओरडला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "ह्या हातांनी लिंपलं! वर ज्वाळा होत्या, काजळीचा पाऊस पडत होता, समोरचं दिसत नव्हतं! तरी एकेक फट बुजवली मी! हा हात त्यातच भाजलाय! विचार कुणालाही, कात्सुरायाच्या मुनिमानं कोठार सोडलं का!"

कोपऱ्यात उभा असलेला शेठ नुसता बघत राहिला त्याच्याकडे. एवढा जाडजूड माणूस, पण क्षणभर त्याचं पोट आत गेल्यासारखं वाटलं मला.

साहेबांनी गालावरचा हात काढला. "शाबास," म्हणाले. "इमानी आहेस."

मी चिडून बोलायला गेले आणि त्या मेल्याचं कौतुक करवून बसले!

५

आता लिंपणं म्हणजे काय, ते आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. आग लागली की कोठाराची जाड दारं ओढून घ्यायची आणि दाराच्या फटींत ओला चिखल भरायचा, म्हणजे आत ठिणगी शिरत नाही, धूर शिरत नाही. ह्या कामासाठी प्रत्येक व्यापाऱ्याचा एक गवंडी ठरलेला असतो. घंटा ऐकली की त्यानं हातातला घास टाकून पळायचं.

कात्सुरायाच्या लगत ओरीत्सूबाईचं गहाणवटीचं दुकान. विधवा, तोंडाची फटकळ, आमच्या अर्ध्या चाळीचे हिवाळी कपडे तिच्या कोठारात पडलेले. तिचं घर थोडक्यात वाचलं होतं. तिच्या कोठाराची मागची बाजू आगीपासून लांब होती, तिकडचं दार निवलं होतं, म्हणून ती चिखल खरवडत बसली होती. आणि शिव्या देत होती.

"बघा हो साहेब, काय केलंय माझ्या दाराचं! पांढरा गिलावा होता, आरशासारखा! वरून धुतला तर धुतला जाईल, पण चिखलाच्या खालीसुद्धा काळं! लिंपायच्या आधी पुसायला काय झालं होतं मेल्याला?"

"कुणी लिंपलं हे?" साहेबांनी विचारलं.

बाईचे हात थांबले. "कोण जाणे. धुरात कोण ओळखू येतंय."

"तुमचा ठरलेला गवंडी कोण?"

ती गप्प. फटकळ बाई गप्प झाली की समजावं, काहीतरी गिळतेय.

मी तिच्या समोर जाऊन बसले. "ओरीत्सूबाई, माझा भाऊ ना तुमचा गवंडी? घंटा झाल्यावर चिखलाचं घमेलं घेऊन पळाला तो. मी म्हटलं पाणी तरी पिऊन जा, तर म्हणाला, ओरीत्सूबाईचं कोठार आहे, सगळ्या चाळीचे कपडे आहेत आत."

"मला दंगेखोरांच्या भानगडीत पडायचं नाही," ती पुटपुटली. "उद्या माझं दुकान फोडतील, नाहीतर चौकीत मला बसवतील. मी बाईमाणूस."

"बाबांची शिट्टी तुम्हाला रोज ऐकू यायची ना?" मी म्हटलं. "काल त्यांना बाहेर काढायला आमच्यात गेंपाचीच काय तो धावला असता. तो तुमच्या दारावर चिखल थापत होता. आणि तुम्ही म्हणताय, ओळखू आला नाही?"

तिच्या हातातली खरवडणी खाली पडली. मग ती रडायला लागली, आधी रागानं, मग खरंच. "तोच होता. त्याच्या पाठीवर ठिणग्या पडत होत्या. तरी शेवटची फट बुजवूनच गेला. मीच बघत उभी होते."

मी साहेबांकडे वळले, पण साहेब तिच्याकडे बघतच नव्हते. ते खरवडलेल्या दाराशी वाकले होते, नाक लावून.

"चिखलाच्या खालीसुद्धा काळं," ते हळूच म्हणाले. "ओताकी, चल. आणि ती खरवडणी घे."

६

कात्सुरायाच्या कोठारापुढे सगळी गल्ली गोळा झाली. भिंती अजून धग मारत होत्या. शेठ आडवा आला.

"सरकार, उघडू नका! पेटेल सगळं!"

"उघडत नाही," साहेब म्हणाले. "नुसता वरचा चिखल काढतोय थोडा. फट बुजलेलीच राहील."

त्यांनी मला खूण केली. दार वरून काळंकुट्ट झालेलं, काजळीचा थर. त्यावर चिखलाचे पट्टे, तेही वरून काळे. मी एका पट्ट्याची कड खरवडली. भाजलेला चिखल पापुद्र्यासारखा निघून आला.

खाली पांढरं होतं. दुधासारखं पांढरं. काजळीचं बोट नाही.

मी आणखी एका ठिकाणी काढला. पांढरं. कुलपाच्या भोकावर थापला होता तिथला काढला. पांढरं. आणि एका पट्ट्याखाली निघाली ओंडक्याची खोक, आम्ही पाडलेली. ती पण स्वच्छ.

"सेइसुके," साहेब म्हणाले, "काल तू लिंपलंस तेव्हा काजळीचा पाऊस पडत होता. सगळ्या गल्लीनं ऐकलंय. शेजारच्या कोठाराला खरंच आगीत लिंपलं, तर चिखलाखाली काळं आहे. तुझ्या चिखलाखाली पांढरं कसं?"

सेइसुकेनं भाजलेला हात पाठीमागे नेला.

"मी सांगतो. तू लिंपलंस तेव्हा धूर नव्हता, ज्वाळा नव्हत्या, आगच नव्हती."

शेठ मध्येच बोलला, घाईघाईनं. "दंगा होता सरकार! खबरदारी म्हणून आधीच लिंपलं असेल. पोरगं गोंधळलंय."

"कधी आधी? दंग्याच्या आधी लिंपलं असतं तर ओंडक्याची खोक चिखलाला पडली असती. ती चिखलाच्या खाली आहे. म्हणजे लोक निघून गेल्यावर लिंपलं. दंगा संपला होता, चूल भिजली होती, घरात एकटा सेइसुके. मग आगीची तयारी कुणासाठी? आग येणार आहे हे ज्याला ठाऊक होतं, त्यानंच लिंपलं. आणि शेठ, तुमचं कोठार फोडून लुटलं म्हणता, पण कुलूप तर शाबूत आहे. लुटणाऱ्यांनी जाताना कुलूप लावून किल्ली तुमच्याकडे दिली का?"

सेइसुकेनं मालकाकडे बघितलं. लहान मूल पडल्यावर आईकडे बघतं ना, तसं.

शेठनं मान फिरवली. "मी तर चौकीत होतो सरकार. नोकरानं मागे काय उद्योग केले, मला काय माहीत? ह्याला मी आजच कामावरून काढला!"

बस. तेवढंच पुरलं.

"तुम्हीच म्हणालात!" सेइसुके मातीत गुडघ्यावर बसला. "दुकान तसंही मोडलंय, म्हणालात. तांदूळ काढून ठराविक भावानं विकायचा हुकूम आलाय, म्हणालात. घर जळालं की कोठाराला कुणी हात लावणार नाही, सगळे म्हणतील तांदूळ गेला, मग वर्षभर थांबून हवा त्या भावानं विकू! माझा हात तेल ओततानाच भाजला. पण कोठार लिंपल्याशिवाय कसं पेटवणार मी? दुकानात पहिल्या दिवशी शिकवलंत ते! वारा फिरेल हे मला... बाबा आत आहेत हे मला..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. ओकाने तिथे उभी होती, जिची बाही आम्ही मूठभर दाण्यांसाठी उलटी केली होती. ती पुढे आली आणि शेठच्या तोंडावर थुंकली. शिपायांपैकी कुणीच तिला अडवलं नाही.

७

कोठार निवल्यावर उघडलं. आडव्या वाशांपर्यंत पोती. आमची पोरं खळ पीत होती तेव्हा हे आत होतं. बाबा रिकाम्या पोटी मालिश करायचे, तेव्हा हे आत होतं. जुन्या भावानं विकलं गेलं, दारातच, माणशी मापानं. पहिलं मापटं आम्ही शिजवून बाबांच्या नावानं वाडग्यात वाढलं आणि त्यात जेवायच्या काड्या उभ्या खोचल्या, मेलेल्या माणसासाठी खोचतात तशा. शिजल्या भाताचा वास गल्लीत असा पसरला, की मठात गेलेले उंदीर संन्यास सोडून परत आले.

सेइसुकेला जाळला. शेठला? शेठला बेटावर धाडला. ज्याच्या हातात तेल होतं तो जळला आणि ज्याच्या डोक्यात होतं तो समुद्रकाठी मासे खात बसला. ह्याला न्याय म्हणतात म्हणे. मी तर साहेबांच्या तोंडावर विचारलं. त्यांनी गाल दाबला, पण दाढ तर केव्हाच उपटली होती.

गेंपाची सुटून आला त्याच दिवशी साहेब पुन्हा चाळीत आले. चेहरा उतरलेला.

"आगीचं मिटलं," म्हणाले. "पण दुकान फोडणं हाही गुन्हाच आहे. वरून विचारतायत, ह्यांचा म्होरक्या कोण? एक नाव दिल्याशिवाय मला परत जाता येणार नाही."

सगळे खाली बघायला लागले. गेंपाची माझ्या शेजारी. त्यानं तोंड उघडलं. मी ओळखते माझ्या भावाला, तो स्वतःचंच नाव घेणार होता गाढव. मी त्याच्या पायावर पाय दिला, चांगला टाचेनं.

"मी सांगते साहेब. बघितलाय मी त्याला."

"कोण?"

"संन्यासी होता. इथला नव्हे. सात हात उंच."

साहेबांनी कागद काढला, शाईत कुंचला बुडवला. "सात हात?"

"वाकून बोलायचा म्हणून सात. सरळ उभा राहिला तर जास्त भरेल. चेहरा लालबुंद, नाक हे एवढं, हातभर. तांदळाची पोती अशी बोटानं उडवायचा."

"मी पण बघितला," ओकाने म्हणाली. "पाठीला पंख होते."

"काळे," ओरीत्सूबाई मागून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. "माझ्या छपरावरून उडाला. दोन कौलं फुटली."

साहेबांचा कुंचला थांबला. त्यांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं, शेवटी गेंपाचीकडे, जो पाय धरून कण्हत होता. मग मान खाली घालून लिहीत गेले.

"डोंगरातलं पंखवालं भूत, तेंगू दिसतोय," म्हणाले अगदी गंभीरपणे. "कुठल्या दिशेला गेला?"

मी वर बोट केलं.

त्यांनी तेही लिहिलं, शिक्का मारला, कागद छातीशी ठेवला आणि निघाले. त्या वर्षी शहरभर दवंडी पिटली, लाल तोंडाचा, पंखवाला, हातभर नाकाचा संन्यासी दिसल्यास चौकीत कळवावे. किती नाकं मोजली त्यांनी! आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या एका दारुड्याला तर दोनदा पकडून सोडला.

अजून सापडला नाही तो. तांदूळवाल्यांना मात्र मी आठवणीनं सांगते, भाव चढायला लागला की. पंख आहेत म्हटलं त्याला, यायला वेळ लागत नाही.